सत्तेला न दिसलेले आकडे

१८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून लोकसभा बरखास्त केल्याचं आणि मार्चमध्ये निवडणुका घेणार असल्याचं जाहीर केलं. त्या हरतील असं छातीठोकपणे सांगणारं त्या दिवशी जवळजवळ कुणी नव्हतं. विरोधी पक्षांचे बहुतेक पुढारी आणीबाणीमुळे एकोणीस महिने तुरुंगात होते. मोरारजी देसाई त्याच दिवशी सुटले होते. मावळत्या लोकसभेत काँग्रेसचं बळ साडेतीनशेच्या घरात होतं. विरोधकांकडे पैसा नव्हता, वर्तमानपत्रं नव्हती, इतकंच काय, एक पक्ष आणि एक निशाणीही नव्हती. लोकसभेची मुदत दोनदा वाढवून घेतलेली होती, त्यामुळे निवडणूक आणखी वर्षभर लांबवणंही सरकारला सहज शक्य होतं. तरीही त्यांनी ती घेतली. त्यामागचं कारण काय, यावर आजही एकमत नाही. पण आपण जिंकू असं त्यांना वाटत होतं, याविषयी फारसा वाद नाही.

दोन महिन्यांनी काँग्रेसचे १५४ खासदार उरले. खुद्द पंतप्रधान रायबरेलीत ५५,२०२ मतांनी पडल्या.

या निकालाला तेव्हा चमत्कार म्हटलं गेलं आणि अजूनही तसंच म्हटलं जातं. मला ते पटत नाही. चमत्कार म्हटलं की शोध संपतो. तीस वर्षं केंद्रात एकच पक्ष राज्य करत असेल आणि तो एका फटक्यात कोसळत असेल, तर त्या कोसळण्याच्या खुणा आधी कुठे तरी दिसायलाच हव्यात. त्या होत्या, आणि निवडणूक आयोगाच्या अहवालांत छापलेल्या होत्या. त्यातल्या काही तर आपल्या महाराष्ट्रात, पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या.

आधी आकडे पाहू. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसला ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश. मतं मात्र ४५ टक्के. १९५७ मध्ये ४७.८ टक्के मतांवर ३७१ जागा, १९६२ मध्ये ४४.७ टक्क्यांवर ३६१. नेहरूंच्या उतरत्या नव्हे, चढत्या काळातले हे आकडे आहेत. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई होती, गांधींचं नाव होतं, खेड्याखेड्यात पोचलेली संघटना होती, तरी देशातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी प्रत्येक वेळी काँग्रेसविरुद्ध मत दिलं होतं. पण ती निम्म्याहून जास्त मतं समाजवादी, जनसंघ, कम्युनिस्ट, स्वतंत्र, रिपब्लिकन, अपक्ष अशी वाटली जात. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येणार, या आपल्या पद्धतीत फुटलेल्या विरोधकांची मतं काँग्रेसच्या जागा बनत राहिली.

राजकारणाच्या अभ्यासकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. रजनी कोठारींनी १९६४ मध्ये ‘काँग्रेस व्यवस्था’ या नावानं त्याची मांडणी केली. एक पक्ष वर्चस्व गाजवतो, बाकीचे भोवतीनं दबाव टाकतात, आणि खरी भांडणं त्या एका पक्षाच्या पोटातच लढली जातात, अशी ती मांडणी होती. डॉ. राममनोहर लोहियांनी मात्र त्याच आकड्यांकडे लढणाऱ्या माणसाच्या नजरेनं पाहिलं. एका मतदारसंघात काँग्रेससमोर एकच उमेदवार, एवढा त्यांचा आग्रह. १९६३ च्या पोटनिवडणुकांत तो थोडाफार जमला तेव्हा फर्रुखाबादहून लोहिया स्वतः, अमरोह्याहून आचार्य कृपलानी आणि राजकोटहून मिनू मसानी असे तीन बडे विरोधक लोकसभेत पोचले. जौनपूरला दीनदयाळ उपाध्याय मात्र पडले. नेहरू तेव्हा हयात होते आणि पंतप्रधान होते.

पण मराठी माणसाला हे शिकायला १९६३ पर्यंत थांबावं लागलं नव्हतं.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या सभागृहात एका छपराखाली बसलेली माणसं डोळ्यांसमोर आणून पाहावीत. शेतकरी कामगार पक्ष, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदू महासभा. एरवी एकमेकांच्या सभा उधळायला कमी न करणारे हे लोक. एस. एम. जोशी सरचिटणीस झाले. कॉम्रेड डांगे आणि आचार्य अत्रे एकाच व्यासपीठावरून बोलू लागले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र ही एकच मागणी, आणि जागावाटप त्या मागणीच्या पोटी. गोळीबारात गेलेल्या हुतात्म्यांची आठवण ताजी होती. वर्षभरात १९५७ ची निवडणूक आली.

देशभरात त्या वर्षी काँग्रेसचं बळ वाढलं. ३६४ च्या ३७१ झाल्या. दिल्लीत बसून अंदाज बांधणाऱ्याला काँग्रेस अभेद्य वाटली असती. पण त्याच निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत ती भिंत ढासळली. पुण्यातून नानासाहेब गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांसारख्या दिग्गजाला हरवलं. राजापुरातून नाथ पै आणि मुंबईतून डांगे लोकसभेत गेले. कऱ्हाडमध्ये यशवंतराव चव्हाण, राज्याचे मुख्यमंत्री, अगदी थोडक्या मतांनी वाचले. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या आधारावर द्वैभाषिक मुंबई राज्याचं सरकार टिकलं, म्हणून विधानसभेत काँग्रेसची सत्ता राहिली. मुंबई महापालिकेवरही समितीचा झेंडा लागला.

मग १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. मागणी पुरी झाली आणि समितीची गाठ सुटली. प्रजा समाजवादी बाहेर पडले, बाकीच्यांची आपसात जुंपली. १९६२ मध्ये काँग्रेसनं विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. पाच वर्षांत तीच भूमी आणि बहुतेक तेच पुढारी असताना निकाल पार उलटा लागला. विरोधक एकत्र असले तर काय होतं आणि वेगळे झाले तर काय होतं, याचा धडा महाराष्ट्रानं पाच वर्षांच्या अंतरानं दोनदा पाहिला. संयुक्त महाराष्ट्राचा इतिहास आपण भाषेचा आणि अस्मितेचा म्हणून सांगतो, आणि ते खरंच आहे. पण बलाढ्य पक्षाला हरवता कसं येतं, याचा तो देशातला एक मोठा प्रयोगही होता, ही बाजू आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

१९६७ त्या मानानं लवकर आटोपतो. त्या निवडणुकीच्या तोंडावर लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतले वार्ताहर नेव्हिल मॅक्सवेल यांनी भारताची लोकशाही मोडकळीला आल्याचं लिहिलं आणि ही चौथी निवडणूक बहुधा शेवटचीच ठरेल असं भाकीत केलं. निवडणूक झाली, काँग्रेसचं बळ घटून २८३ जागांवर आलं, नंतरच्या पक्षांतरांसकट आठ-नऊ राज्यांतली सत्ता गेली, आणि लोकशाही चालू राहिली. सरकार कोसळण्याचं भाकीत आणि देश कोसळण्याचं भाकीत यांत मॅक्सवेल यांची गल्लत झाली होती. त्याच निवडणुकीत दक्षिण मुंबईत सलग तीनदा निवडून आलेले स. का. पाटील, शहराचे अनभिषिक्त राजे, छत्तिशीतल्या जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडून हरले. आपल्याला कुणी हरवू शकत नाही हा पाटलांचा दिमाख होता, आणि पाटलांना तुम्ही हरवू शकता, एवढंच जॉर्जच्या कार्यकर्त्यांनी भिंतीभिंतीवर लावलं होतं. मतदाराला पहिल्यांदा पटवावं लागतं ते हेच. ज्याला पाडायचं तो पडू शकतो यावरच लोकांचा विश्वास नसेल, तर त्यांचा राग मतपेटीपर्यंत पोचत नाही.

तरीही नुसती बेरीज पुरत नाही. १९७१ मध्ये काँग्रेसमधून फुटलेली संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र आणि संयुक्त समाजवादी यांनी बडी आघाडी केली. पुढाऱ्यांची बेरीज झाली, मतदारांची झाली नाही. बांगलादेशचं युद्ध अजून व्हायचं होतं, तरी इंदिरा गांधींच्या काँग्रेसनं ४३.७ टक्के मतं आणि ३५२ जागा मिळवल्या. महाराष्ट्रात ४५ पैकी ४२. सरकारविषयी लोकांच्या मनात राग नसेल तर विरोधकांचं ऐक्य ही कोरडी हिशेबवही राहते. म्हणून १९७७ च्या तोंडावर दोन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवी होती. लोक किती संतापले आहेत, आणि विरोधक एकत्र येणार का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्याचे सगळे मार्ग सरकारनं स्वतःच बंद करून टाकले होते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. शहा आयोगाच्या अहवालानुसार त्या काळात मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण कायद्याखाली ७५,८१८ माणसं आत टाकली गेली. वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी आली. पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था केली गेली. म्हणजे जिल्ह्याच्या वार्ताहरानं पाठवलेली बातमी आधी अधिकाऱ्याच्या हाताखालून जायची आणि मगच छापली जायची. जनतेला अंधारात ठेवण्यासाठी हे केलं होतं. पण दिल्लीतल्या सचिवालयात सकाळी वर्तमानपत्र उघडणारा मंत्रीही तेच गाळलेलं वर्तमानपत्र वाचत होता. खालच्या अधिकाऱ्यांना वरच्यांना काय आवडेल ते कळत होतं, आणि फाइलीत तेच चढत होतं.

जनमत चाचणीचं तंत्र देशात होतं. एरिक डा कोस्टा यांची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन ही संस्था १९५० च्या दशकापासून लोकांची मतं अजमावत होती. पण मिसाच्या काळात वहीपेन्सिल घेऊन दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला, सरकार कसं वाटतं याचं खरं उत्तर कोण देणार होतं? ज्याचा भाऊ तुरुंगात आहे तो, की ज्याला शिबिरात नेऊन त्याची नसबंदी केली तो? शेजाऱ्याशी बोलतानाही माणसं आवाज खाली आणत होती. अशा वेळी मिळणाऱ्या प्रत्येक ‘सगळं ठीक आहे’चं वजन शून्य असतं, हे ओळखायला संख्याशास्त्र लागत नाही.

सरकारच्या हातात जे आकडे होते ते त्याच्या मनासारखे होते. १९७५-७६ चं धान्याचं उत्पादन १२ कोटी १० लाख टनांवर गेलं, तोवरचा तो विक्रम होता. १९७४ मध्ये आकाशाला भिडलेली महागाई खाली आली होती. संप थांबले होते, गाड्या वेळेवर धावत होत्या. आणि एक आकडा तर यश म्हणून मिरवला जात होता. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आदल्या वर्षाच्या तिपटीहून अधिक. उत्तरेकडे शिक्षकाला, तलाठ्याला, ठाणेदाराला माणसं आणण्याचं उद्दिष्ट ठरवून दिलेलं होतं, आणि ते पुरं झालं नाही तर पगार अडत होता. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानंही १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं तो कायदा झाला नाही.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो हाच ८१ लाखांचा आकडा. तो आरोग्य खात्याच्या तक्त्यात प्रगतीच्या रकान्यात होता. त्यातल्या प्रत्येक शस्त्रक्रियेमागे एक घर, एक भावकी, एक गाव होतं, आणि ज्यांची शस्त्रक्रिया झाली नव्हती तेही शिबिराची जीप दिसली की शेतात पळत होते. पराभवाचा सर्वांत मोठा पुरावा सरकारनं स्वतः मोजून, बेरीज करून, सही-शिक्क्यानिशी ठेवला होता. त्याचा अर्थ लावणारं दिल्लीत कुणी उरलं नव्हतं, आणि ज्यांनी लावला त्यांना तो बोलता येत नव्हता.

बोलणारे होते, पण त्याची किंमत मोजून. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. आजारी विरोधी नेते जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायचं आवाहन दुर्गाबाईंनी त्याच मांडवात केलं. पुढे त्यांना अटक झाली. मंत्री समोर बसलेले असताना एक अभ्यासक बाई हे बोलू शकते आणि मांडवातले लोक उभे राहतात, ही त्या वर्षातली मोठी बातमी होती. सेन्सॉरच्या काळात तिच्याकडे निवडणुकीची खूण म्हणून कोण पाहणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुंबईत तयार होत होतं. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झालेले जयप्रकाश मूत्रपिंडं निकामी झाल्यानं जसलोक रुग्णालयात उपचार घेत होते. पुढेही डायलिसिसवर असल्यानं त्यांचा मुक्काम बराचसा मुंबईतच राहिला, आणि विरोधी पक्षांचे बाहेर असलेले पुढारी त्यांच्याकडे मुंबईला येऊ लागले. १९७६ च्या वसंतात तिथे बैठका झाल्या. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष यांनी विलीन होऊन एक पक्ष करावा, असा जयप्रकाशांचा हट्ट होता. मे महिन्यात त्यांनी त्याची जाहीर घोषणाही केली. जुळवाजुळवीसाठी जी छोटी समिती नेमली गेली तिचे निमंत्रक होते नानासाहेब गोरे. १९५७ मध्ये समितीचे उमेदवार म्हणून पुण्यात काकासाहेबांना हरवणारे तेच गोरे. एस. एम. जोशीही या खटपटीत होतेच. विरोधकांच्या ऐक्यानं काय साधतं हे ज्यांनी आयुष्यात एकदा करून पाहिलं होतं, तीच माणसं पुन्हा त्याच कामाला लागली होती. वीस वर्षांपूर्वीचा अनुभव अंगात मुरलेला होता.

तरी १९७६ च्या अखेरपर्यंत विलीनीकरण झालं नव्हतंच. पक्षांचे अहंकार, जनसंघाविषयीचा संशय, लोकदलाच्या चरणसिंगांची घाई, सगळं आडवं येत होतं. काही जणांना तर निवडणूक लढवणंच नको होतं. ही फसवणूक आहे, बहिष्कार टाका, असं तुरुंगातून जॉर्ज फर्नांडिस यांचं म्हणणं होतं. इंदिरा गांधींच्या घोषणेनं हा गुंता पाच दिवसांत सोडवला. २३ जानेवारीला जनता पक्ष जाहीर झाला. नोंदणीला वेळ नव्हता, म्हणून लोकदलाची ‘चक्रात नांगरधारी शेतकरी’ ही निशाणी घेतली गेली. निवडणूक अचानक जाहीर केली तर विखुरलेल्या विरोधकांना सावरायला वेळ मिळणार नाही, असा सरकारचा हिशेब असेल तर तो नेमका उलटा पडला. वेळ मिळाला असता तर ते कदाचित भांडत बसले असते.

आणि मग २ फेब्रुवारी. कृषिमंत्री जगजीवनराम यांनी राजीनामा दिला. हेमवतीनंदन बहुगुणा, नंदिनी सत्पथी यांना घेऊन त्यांनी ‘काँग्रेस फॉर डेमोक्रसी’ काढली. आणीबाणीला संसदेची मान्यता मागणारा ठराव लोकसभेत जगजीवनराम यांनीच मांडला होता. आधीच्या चाळीस वर्षांतलं बहुतेक राजकारण ज्यांनी सत्तेच्या आत राहून केलं, बिहारमधल्या आपल्या मतदाराची नाडी ज्यांना तळहातासारखी माहीत होती, ते गृहस्थ जहाज सोडून जात होते. माझ्या मते १९७७ चा पहिला खरा निवडणूक अंदाज हाच. राज्यकर्त्या पक्षातला मुरलेला माणूस निवडणुकीच्या तोंडावर बाहेर पडतो, तेव्हा तो आपलं सगळं राजकीय आयुष्य पणाला लावून सांगत असतो की इथे पराभव आहे. त्याच्या तत्त्वांविषयी शंका घेता येईल, अंदाजाविषयी घेऊ नये.

६ फेब्रुवारीला दिल्लीत रामलीला मैदानावर जगजीवनराम आणि जयप्रकाशांची सभा होती. लोक घरी बसावेत म्हणून दूरदर्शननं त्या संध्याकाळी ‘बॉबी’ दाखवला. दूरदर्शनवर नवा, गाजलेला चित्रपट ही त्या वेळी मोठीच पर्वणी. तरी मैदान भरून ओसंडलं. दुसऱ्या दिवशी एका इंग्रजी दैनिकानं बाबूजींनी बॉबीला हरवल्याचा मथळा दिला.

महाराष्ट्रातही सेन्सॉर सैल झाल्याबरोबर सभा भरू लागल्या. पु. ल. देशपांडे जनता पक्षासाठी व्यासपीठावर उभे राहिले. ज्यांना आयुष्यभर हसवण्यासाठी ऐकलं, त्यांना माणसं आता गंभीरपणे स्वातंत्र्याविषयी बोलताना ऐकत होती. सभेनंतर झोळी फिरे आणि लोक खिशात हात घालत. सभेला माणसं किती आली यावरून अंदाज चुकतो, हे सर्वांना माहीत असतं. कुणी ट्रकनं आणलेलं असतं, कुणी तमाशा पाहायला आलेलं असतं. पण स्वतः चालत येऊन, पोलिसांच्या देखत, नाव कळण्याची भीती असताना सरकारविरोधी पक्षाच्या झोळीत पैसे टाकणारा माणूस मत कुठे देणार याविषयी शंका उरत नाही.

उत्तर मुंबईत मृणाल गोरे उभ्या होत्या. गोरेगावच्या वस्त्यांत नळाला पाणी यावं म्हणून बायकांचे हंडामोर्चे नेणाऱ्या मृणालताईंना सगळे ‘पाणीवाली बाई’ म्हणत. आणीबाणीत त्या तुरुंगात होत्या. त्यांच्या प्रचारात घोषणा निघाली, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. चाळीचाळीतली पोरं ती ओरडत होती. दोन महिन्यांपूर्वी ज्या पंतप्रधानांचं नाव खालच्या आवाजात घेतलं जाई, त्यांच्यावर पोरं उघड्यावर यमक जुळवत होती. भीती गेली होती, आणि सरकारचे अंदाज तर सगळे भीतीच्या काळात गोळा केलेले होते.

१६ ते २० मार्चपर्यंत मतदान झालं. २० तारखेला निकाल यायला लागले. तेव्हा कागदी मतपत्रिका असत. पेट्या उघडायच्या, घड्या सोडायच्या, निशाणीवरचा शिक्का पाहून खणाखणांत टाकायच्या, गठ्ठे बांधायचे. दिल्लीत बहादुरशाह जफर मार्गावर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांपुढे रात्रभर गर्दी उभी होती आणि फलकावर काँग्रेसचा एक एक मोठा मोहरा पडल्याचं लागलं की जल्लोष होत होता. आकाशवाणी मात्र हात राखून बोलत होती. रायबरेलीत इंदिरा गांधींविरुद्ध उभे असलेले राजनारायण पुढे आहेत हे कचेऱ्यांतून कळत होतं, रेडिओवर ते यायला पहाट उजाडावी लागली. अमेठीत संजय गांधी पडले. २१ मार्चला आणीबाणी उठवली गेली, २२ ला इंदिरा गांधींनी राजीनामा दिला, २४ ला मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. पराभव मान्य करून त्या बाजूला झाल्या, हेही इतिहासात नोंदवलं पाहिजे. हरणाऱ्यानं खुर्ची सोडली तरच निवडणुकीच्या अंदाजाला काही अर्थ असतो.

निकालाचा नकाशा मांडला की आधीचे दोन्ही प्रश्न पुन्हा समोर येतात. उत्तर प्रदेश ८५, बिहार ५४, पंजाब १३, हरियाणा १० आणि दिल्ली ७, अशा १६९ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. मध्य प्रदेशात एक छिंदवाडा, राजस्थानात एक नागौर. दक्षिणेत नेमकं उलट. आंध्रात ४२ पैकी ४१, कर्नाटकात २८ पैकी २६. काँग्रेसच्या १५४ पैकी ९२ जागा दक्षिणेतल्या चार राज्यांतून आल्या. नसबंदीचा वरवंटा तिथे तसा फिरला नव्हता, कर्नाटकात देवराज अर्सांची मागासांसाठीची कामं लोकांच्या डोळ्यांपुढे होती, तमिळनाडूत अण्णा द्रमुकची सोबत होती. ‘आणीबाणीविरुद्ध देश उठला’ हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. एकच सरकार, एकच कायदा, पण राग सगळीकडे सारखा नव्हता. देशाचा एकच सरासरी अंदाज काढणारा उत्तरेतही चुकला असता आणि दक्षिणेतही.

महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा राहिला. ४८ जागांपैकी काँग्रेस २०, जनता १९, शेकाप ५, मार्क्सवादी कम्युनिस्ट ३, रिपब्लिकन १. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसनं गमावल्या. मृणाल गोरे जिंकल्या, अहिल्या रांगणेकर जिंकल्या, आणि आणीबाणीतल्या कायद्यांचे शिल्पकार असलेले कायदामंत्री ह. रा. गोखले यांना राम जेठमलानींनी हरवलं. पुण्यात मोहन धारिया आणि राजापुरात मधु दंडवते निवडून आले. विदर्भ बहुतांशी काँग्रेसबरोबर राहिला, साताऱ्यातून यशवंतराव पुन्हा निवडून गेले. शेकाप आणि कम्युनिस्ट यांच्याशी जनता पक्षानं जागावाटप केलं नसतं तर त्या वीसच्या तीस झाल्या असत्या, असं मला आकडे पाहून वाटतं. १९५७ चंच समीकरण नव्या नावानं मांडलेलं होतं.

देशभरात जनता पक्षाला ४१ टक्क्यांच्या वर मतं पडली आणि काँग्रेसला ३४.५. काँग्रेसची नऊ टक्के मतं घटली आणि दोनशेच्या आसपास जागा गेल्या. नऊ टक्क्यांनी एवढा कडेलोट झाला, कारण समोर उमेदवार एकच होता. १९८० च्या दशकात डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी जुन्या निवडणुकांची आकडेवारी जमवताना याला माप दिलं आणि विरोधी ऐक्याचा निर्देशांक तयार केला. सगळ्या विरोधकांना मिळून पडलेल्या मतांपैकी सर्वांत मोठ्या विरोधकाला किती टक्के, एवढंच ते माप. शंभराच्या जवळ गेलं की राज्यकर्ता पक्ष चाळीस टक्के घेऊनही पडतो. पन्नाशीला आलं की तेवढ्याच मतांत तो दोन तृतीयांश जागा नेतो. हे माप १९७७ मध्ये कुणाच्या हाती नव्हतं, पण त्यासाठी लागणारा प्रत्येक आकडा छापील होता.

ते माप पुढे लगेचच पारखता येतं. जनता सरकार आल्यावर चरणसिंग, मोरारजी आणि जगजीवनराम यांची तोंडं तीन दिशांना झाली. जनता पक्ष आणि रा. स्व. संघ यांच्या दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी अविश्वासाचा ठराव आणला, पक्ष फुटला, मोरारजींनी राजीनामा दिला. जानेवारी १९८० च्या निवडणुकीला जनता पक्ष आणि चरणसिंगांचा पक्ष एकमेकांविरुद्ध उभे राहिले. एकाला १९ टक्के मतं पडली, दुसऱ्याला ९ टक्क्यांच्या वर. इंदिरा गांधींच्या काँग्रेसला ४२.७ टक्के मिळाली, म्हणजे १९७१ पेक्षा एक टक्का कमी. जागा मिळाल्या ३५३, म्हणजे १९७१ पेक्षा एक जास्त. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९.